मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या घरातली मुलगी ख्रिस्ती झाली, पण नवरा म्हणाला म्हणून नाही

मीठ धुतलं तर काय होतं?

विरघळतं. शाळेतलं पोरही हे सांगेल. पण नाशिकजवळच्या जलालपूर गावात एक असं घर होतं, जिथे बाजारातून आलेलं मीठसुद्धा पाण्यातून काढल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. धान्य धुवायचं, गूळ धुवायचा, साखर धुवायची. कारण एकच. वाटेत कुणाकुणाचा हात लागला असेल, काय सांगावं?

त्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात हाक मारायचे मनू. आडनाव गोखले.

हीच मनू पुढे ख्रिस्ती झाली. ज्यांच्या नुसत्या सावलीने तिच्या वडिलांना अंघोळ करावी लागायची, त्यांच्याच पंगतीत ती जेवायला बसली, त्यांची पोरं तिने मांडीवर घेतली. आणि म्हातारपणी हा सगळा प्रवास तिने अशा मराठीत लिहून ठेवला की नव्वद वर्षांनंतरही लोक ते पुस्तक हातात घेतात आणि संपवूनच खाली ठेवतात.

त्या पुस्तकाचं नाव 'स्मृतिचित्रे'. आणि ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

आता नाव ऐकून अनेकांना वाटतं, लोकमान्यांच्या घरातल्या असतील. तसं नाही. या टिळकांचं घर वेगळं. लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांना महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो.

लक्ष्मीबाईंबद्दल साधारण एवढंच सांगितलं जातं की नवरा ख्रिस्ती झाला, मग बायकोही झाली. पतिव्रता होती, गेली मागोमाग. पण खरी गोष्ट ती नाहीच. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर ही बाई कित्येक वर्षं हटून बसली. आणि जेव्हा बदलली, तेव्हा स्वतःच्या डोक्याने विचार करून बदलली.

कसं, ते सुरुवातीपासून बघू.

सोवळ्याच्या मागे एक फाशी होती

मनूच्या वडिलांचं सोवळं हे साधं सोवळं नव्हतं. त्या काळी ब्राह्मण घरात विटाळ पाळणं नेहमीचंच. पण गोखल्यांच्या घरात जे चालायचं, त्याला आजूबाजूचे ब्राह्मणही हात जोडायचे.

याची मुळं १८५७ मध्ये होती. बंडाच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. सासऱ्यावर ओढवलेल्या या प्रसंगाचा मनूच्या वडिलांच्या मनावर जबरदस्त परिणाम झाला. माणूस आतून हलला आणि त्याने सोवळ्याचा आधार धरला. धुवायचं, पुसायचं, पुन्हा धुवायचं. आज आपण याला कदाचित मानसिक आजाराचं नाव देऊ. तेव्हा तसं नाव नव्हतं. घरातल्या बायकामुलांनी ते निमूट सोसायचं, एवढंच.

थंडीवाऱ्यात पोरांनी ओल्या कपड्यांनी वावरायचं. कुठे शिवलं तर पुन्हा अंघोळ. खेळायला जायचं तर कुणाशी, यावर शंभर बंधनं.

हे सगळं लक्ष्मीबाईंनी नंतर लिहिलं तेव्हा त्यात कडवटपणा ठेवला नाही. उलट वाचताना हसू येतं. पण हसता हसता कळतं की या मुलीच्या हाडात काय मुरलं होतं. पुढे तिला जे सोडायचं होतं, ते म्हणजे पुस्तकात वाचलेलं एखादं मत नव्हतं. जन्मापासून अंगाला लागलेली सवय होती.

अकराव्या वर्षी लग्न, आणि नवरा म्हणजे वारं

१८८० च्या सुमारास मनूचं लग्न झालं. वय अकरा. नवरा नारायण वामन टिळक, वय अठरा. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली.

नारायणचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. वडील तापट. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. डोकं तल्लख, वाणी गोड, कविता सहज सुचायच्या.

पण संसाराच्या हिशेबात हा माणूस कुठेच बसत नव्हता.

एका गावात नोकरी लागली की दुसऱ्या गावाची ओढ. खिशात पैसे आले की समोर जो गरजू दिसेल त्याचे झाले. न सांगता घरातून निघून जाणं ही तर नेहमीची गोष्ट. राग आला की डोंगराएवढा, उतरला की लहान मुलासारखा. लक्ष्मीबाईंचं तरुणपण माहेर, सासर, बहिणीचं घर आणि नवऱ्याची नवी बिऱ्हाडं अशा फेऱ्यांत गेलं. त्यात पोटची मुलं गेली. १८९१ साली जन्मलेला दत्तू, म्हणजे देवदत्त, जगला.

या नवऱ्याने एक गोष्ट मात्र केली. बायकोला लिहावाचायला शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती घरातच. तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती की याच अक्षरांतून पुढे मराठीतलं एक मोठं पुस्तक येणार आहे.

रेल्वेच्या डब्यात काय झालं?

टिळक नागपूरला होते. तिथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम चाललं होतं. पण मनाला एक प्रश्न कुरतडत होता. जातीजातींत चिरफाळलेला हा देश एक कसा होणार? ज्या धर्मात माणूस माणसाला शिवत नाही, त्याचं काय करायचं? टिळकांनी तर स्वतःच एखादा नवा, जातिभेद नसलेला धर्म काढावा असाही विचार केला होता.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा पाद्री बसला होता. नाव अर्नेस्ट वॉर्ड. बोलणं निघालं, कवितेवरून देवापर्यंत गेलं. उतरताना वॉर्डने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं.

टिळकांनी ते हसण्यावारी नेलं. पण पुस्तक वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम करा, दीन ते धन्य, जो मागेल त्याला द्या. ज्या माणसाला हातातलं द्यायची आधीच खोड होती, त्याला हे वाचून काय झालं असेल याचा अंदाज करता येतो.

पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार, वाचन, घालमेल. आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी टिळकांनी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

बायकोला आधी सांगितलं नव्हतं.

ना सवाष्ण, ना विधवा

आज धर्मांतराची बातमी आली की चर्चा होते ती राजकारणाची. १८९५ मध्ये एका ब्राह्मण बाईसाठी या बातमीचा अर्थ फार साधा आणि फार भयंकर होता. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. तो दारात आला तर ओसरीच्या पुढे घेता येत नाही. त्याच्याकडे गेलं तर आईबाप, भाऊ, बहीण, सणवार, देवघर, सगळं कायमचं तुटतं. नाही गेलं तर आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी आश्रित.

पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा. हातात पैसा नाही. वय सव्वीस-सत्तावीस.

लक्ष्मीबाई कोसळल्या. नातेवाईक जपत होते, कारण बाई जिवाचं काही करून घेईल अशी त्यांना धास्ती होती. लोक सांत्वनाला यायचे आणि जखमेवर मीठ चोळून जायचे. टिळकांना कुणी शिव्या द्यायचं, कुणी त्यांना परत आणायच्या युक्त्या सांगायचं. काही काळ त्या पंढरपुरात बहिणीच्या घरच्या माणसांत राहिल्या.

याच दुःखात त्या कविता करू लागल्या. घरात कवी होता तोवर ज्या बाईला आपल्यातही ते आहे याचा पत्ता नव्हता, तिला तो एकटेपणाने दिला.

इथे एक कायद्याची गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंग्रज सरकारने १८६६ साली एक कायदा केला होता. कुणी ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने नवऱ्याने किंवा बायकोने त्याच्याबरोबर राहायचं नाकारलं, तर धर्मांतर केलेल्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घ्यायची सोय होती. म्हणजे टिळकांना कायद्याने मोकळं होता आलं असतं.

त्यांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले.

आणि लक्ष्मीबाई? त्यांना नवरा हवा होता. त्याचा नवा धर्म नको होता. या दोन गोष्टी एकत्र कशा जमवायच्या याचं उत्तर पंचक्रोशीत कुणाकडेच नव्हतं.

एकाच संसारात दोन चुली

अशी चार-पाच वर्षं गेली. शेवटी लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला. नवऱ्याकडे जायचं, पण अटीवर. मी माझा धर्म सोडणार नाही. माझं पाणी वेगळं, माझा स्वयंपाक वेगळा, माझं सोवळं माझ्यापाशी.

टिळकांनी कबूल केलं. बायकोवर धर्माची सक्ती करायची नाही हे त्यांनी पाळलं. एरवी अत्यंत हट्टी, तापट असलेल्या या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

मग सुरू झाला एक विचित्र संसार. अहमदनगर आणि राहुरीचा परिसर. अमेरिकन मराठी मिशनचं नगर हे मोठं ठाणं. १८३१ पासून मिशन तिथे काम करत होतं आणि तिथला बहुतेक ख्रिस्ती समाज महार-मांग समाजांतून आलेला. म्हणजे मीठ धुवून घेणाऱ्या घरातली मुलगी आता अशा वस्तीत येऊन राहिली, जिथे सकाळ-संध्याकाळ, अंगणात, वाटेवर, दारात तीच माणसं, ज्यांच्यापासून लांब राहायला तिला जन्मभर शिकवलं होतं.

त्या अंग चोरून वावरायच्या. पाणी स्वतः भरायच्या. कुणी जवळ आलं की मागे सरकायच्या. आपल्या त्या काळातल्या वागण्याची थट्टा त्यांनी पुढे लिहिताना स्वतःच केली आहे, आणि ती थट्टा करताना स्वतःला एक पैशाचीही सूट दिलेली नाही.

पण एक गोष्ट घडत होती. ज्यांना त्या टाळत होत्या, ती माणसं रोज दिसत होती. त्यांची आजारपणं, त्यांचे लग्नसमारंभ, त्यांच्या पोरांची भांडणं, त्यांची माया. लांबून जे फक्त एका जातीचं नाव होतं, त्याला आता चेहरे येत होते.

ज्या दिवशी डोक्यात उजेड पडला

आणि मग एक दिवस त्या विचार करत बसल्या. समोर पुस्तक नव्हतं, उपदेश करायला पाद्री नव्हता, टिळकांशी वादही चालला नव्हता. फक्त एक प्रश्न.

जाती कुणी केल्या? देवाने की माणसाने?

देवाने केल्या असत्या, तर त्याने काहीतरी खूण ठेवली असती. जनावरांत बघा, घोडा वेगळा, बैल वेगळा, लगेच ओळखू येतो. माणसांत तसं कुठे आहे? ब्राह्मणाचं पोर जसं जन्मतं तसंच दुसऱ्याचं. आजार तोच, मरण तेच. सद्गुण म्हणावे तर ते सगळीकडे, दुर्गुण म्हणावे तर तेही सगळीकडे. मग हा भेद देवाचा नाही. माणसाचा आहे. आणि माणसाने केलेली गोष्ट माणूस मोडू शकतो.

इतका सरळ विचार. कुठल्या विद्यापीठात न गेलेल्या बाईने, स्वतःशी बोलत केलेला.

त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. टिळकांना हे कळलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. वर्षानुवर्षं जे नवऱ्याला वाद घालून जमलं नव्हतं, ते बाईने एका बैठकीत आपलं आपणच करून टाकलं होतं.

इथे क्रम लक्षात घ्या, कारण या गोष्टीची सगळी गंमत त्यात आहे.

लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली. ख्रिस्ती त्या त्यानंतर झाल्या. धर्म बदलला म्हणून सोवळं सुटलं असं झालं नाही. माणसं सगळी सारखी आहेत हे त्यांना पटलं, आणि मग त्याच गोष्टीवर उभी असलेली येशूची शिकवण त्यांना परकी वाटेनाशी झाली. टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनाने ओढलं. लक्ष्मीबाईंना शेजारपाजाऱ्यांनी ओढलं.

त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ पडला. नगरकडचा भाग आधीच अवर्षणाचा. मिशनच्या आवारात उपाशी, अनाथ पोरं भरली. शिवाशिव पाळायला वेळ कुणाला होता? जो हात मोकळा असेल त्याने पोराला उचलायचं.

राहुरीला डॉ. बॅलंटाइन यांचं काम होतं. टिळक पतिपत्नींचा त्यांच्याशी घरोबा होता. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. स्वतःच्या पायांनी चालत.

नाव बदललं नाही, भाषा बदलली नाही

धर्म बदलला की माणूस साहेब होतो, असा एक समज तेव्हाही होता. टिळकांच्या घरात उलटंच होतं.

नारायण नारायणच राहिला, लक्ष्मी लक्ष्मीच, देवदत्त देवदत्तच. येशूची भक्ती अभंग-ओवीत, टाळ-मृदंगात. टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचले. त्यांनी लिहिलेली भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहू लागल्या.

१९०४ साली टिळकांना दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवायचे. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं.

पण घरचा गाडा ओढणारी होती लक्ष्मीबाई. टिळकांची देण्याची खोड गेली नव्हती. फरक इतकाच की आधी पैसे द्यायचे, आता माणसं घरी आणायचे. अनाथ मुलं, शिकायला आलेली मुलं, कुणी टाकलेली, कुणी चुकलेली. पगार तुटपुंजा आणि पानं मात्र दुप्पट. लक्ष्मीबाई चिडायच्या, भांडायच्या आणि मग त्याच पोरांना तेल लावून न्हाऊ घालायच्या.

याच घरात एक लाजरा, तऱ्हेवाईक मुलगा राहून गेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि महाराष्ट्र त्याला त्याच नावाने ओळखू लागला. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला, पण त्याच्या जेवणाखाण्याची, रुसव्याफुगव्याची काळजी वाहिली ती लक्ष्मीबाईंनी. ठोंबरे ख्रिस्ती नव्हता आणि त्याला ख्रिस्ती करायची घाईही या घरात कुणाला नव्हती. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो गेला, तेव्हा या घराला पोटचं पोर गेल्यासारखं झालं.

बदल म्हणजे सगळं गोड झालं असं नाही

अशा गोष्टींत एक धोका असतो. माणसाला श्रद्धा सापडली, आणि मग सुखाचे दिवस आले, असा शेवट करायचा मोह होतो. लक्ष्मीबाईंनी तो मोह टाळला, आपणही टाळू.

धर्मांतरानंतर माहेरची दारं पूर्वीसारखी राहिली नाहीत. माया आटली नाही, पण पंगत तुटली. ख्रिस्ती समाजातही सगळं आलबेल नव्हतं. पूर्वाश्रमीच्या जाती माणसांच्या मनातून इतक्या सहज जात नाहीत, हे त्यांना दिसत होतं. गोरे मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यातलं अंतर टिळकांना सतत खुपायचं.

शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली. पगार नको, संस्था नको. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या सगळ्यांनी भावाबहिणीसारखं एकत्र यावं, अशी ती कल्पना. टिळकांनी ख्रिस्ती संन्यासच घेतला म्हणा ना.

आता संन्यास घेणारा घेतो. घर कुणी चालवायचं?

पुन्हा लक्ष्मीबाई. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ठरलेलं उत्पन्न नाही, आणि नवरा पुन्हा एकदा वाऱ्यावर. त्यांनी कुरकुर केली नाही असं नाही. केली, भरपूर केली. पण या वेळी आधीसारख्या कोसळल्या नाहीत. १८९५ ची लक्ष्मी आणि १९१७ ची लक्ष्मी यांच्यातला हा फरक. पहिलीला नवऱ्याच्या निर्णयाने आयुष्य संपल्यासारखं वाटलं होतं. दुसरीला माहीत होतं की आपल्याला आपले पाय आहेत.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

आणि मग तिने लेखणी धरली

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचं काम केलं. पुढे मुलगा देवदत्त याच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला गेल्या.

टिळक एक मोठं काम अर्धवट टाकून गेले होते. येशूचं चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगणारं 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. ते पुढे नेण्याचं काम त्यांच्या बायकोने अंगावर घेतलं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षर शिकवलं, त्याच बाईने नवऱ्याचं महाकाव्य पुढे नेलं, आणि त्यातला बराच मोठा भाग तिच्या हातचा आहे.

देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी माहिती गोळा करत होते. त्यांनी आईला सांगितलं, तुला जे आठवतं ते लिही. आई लिहायला बसली आणि चरित्राची टिपणं बाजूलाच राहिली. तिच्या लेखणीतून तिचं स्वतःचं आयुष्य उतरू लागलं. आधी लेखांच्या रूपाने आणि १९३४ पासून पुस्तकाच्या भागांत 'स्मृतिचित्रे' लोकांसमोर आली.

मराठी वाचक थक्क झाले. इतकी साधी भाषा. कुठे अलंकार नाही, रडगाणं नाही, उपदेश नाही. माजघरात बसून आजी गोष्ट सांगते आहे असं वाटावं. सासऱ्यांचा तापटपणा असो, नवऱ्याचं विसरभोळेपण असो की स्वतःचा मूर्खपणा, सगळं सारख्याच मोकळेपणाने. टिळकांवर जीव ओवाळून टाकणारी ही बाई त्यांचे दोष झाकत नाही आणि स्वतःचेही झाकत नाही.

पुस्तक वाचणारे बहुतेक हिंदू घरांतले होते. धर्मांतराचा राग अजून ताजा होता. तरी त्यांनी हे पुस्तक आपलं म्हटलं, कारण ते कुणाला आपल्या बाजूला ओढायला लिहिलेलं नव्हतं. एका बाईने आपल्यात काय काय बदललं ते सांगितलं होतं, बस.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. शेवटचा भाग अपुरा राहिला होता, तो देवदत्तांनी पुरा केला. पुढे पुस्तकाचं इंग्रजीत भाषांतर झालं, विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, शाळांच्या पुस्तकांत त्यातले उतारे आले.

मग यातून घ्यायचं काय?

आज आपण माणसं बदलायला निघतो ती वाद घालून. फोनवर, ग्रुपवर, जेवणाच्या ताटावर. समोरच्याला खोटं ठरवलं की तो बदलेल असं आपल्याला वाटतं. तो बदलत नाही. आणखी घट्ट होतो.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही तेच झालं होतं. नवऱ्याचे युक्तिवाद, लोकांचे सल्ले, कुणाचाच उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तीन गोष्टींचा.

एक, त्यांना वेळ मिळाला. टिळकांनी त्यांची वेगळी चूल मान्य केली. ज्याला स्वतःची चूल मिळते, तोच कधीतरी ती आपण होऊन विझवू शकतो.

दोन, ज्यांना त्या परकं मानत होत्या, त्या माणसांबरोबर त्या राहिल्या. लांबून पाळलेला भेद जवळून पाळणं फार अवघड असतं.

तीन, त्यांनी स्वतःला प्रश्न विचारला. उत्तर गैरसोयीचं निघालं तरी ते नाकारलं नाही. आणि पटल्यावर उद्यावर ढकललं नाही.

श्रद्धेने माणूस बदलतो असं आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याकडे पाहिलं तर ते खरं आहे, पण अर्धंच. त्यांच्यात बदल आधी सुरू झाला, श्रद्धेने त्याला घर दिलं. सगळी माणसं एकाच बापाची लेकरं आहेत हे त्यांनी प्रार्थनेत म्हणायच्या आधी जेवणाच्या पंगतीत मान्य केलं होतं.

मीठ धुतलं की विरघळतं. जलालपूरच्या त्या घरात इतकी वर्षं जे धुतलं जात होतं, त्याचं पुढे काय झालं माहीत आहे? त्याच घरातल्या मुलीने नगरच्या बिऱ्हाडात कुणाकुणाच्या पोरांसाठी पानं मांडली, आणि प्रत्येकाच्या पानात डावीकडे चिमूटभर मीठ वाढलं.

न धुता.